विमान आणि इमान

फराळाच्या ताटावर बसून माणूस जे बोलतो ते फारसे मनावर घेऊ नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. तोंडात चकली असली म्हणजे माणसे सरकारे पाडतात, परक्यांच्या मुलींची लग्ने जमवतात आणि क्रिकेटचा संघही निवडतात. हात धुतले की सारे विसरले जाते. पण गेल्या दिवाळीत माझ्या ओसरीवर बसून माझा एक जुना विद्यार्थी जे बोलला ते मला विसरता आलेले नाही. त्याचे उत्तर मी वर्षभर मनात घोळवले आणि आज ते छापून देत आहे. त्याला वाचायला सवड नसली तर त्याच्या सौभाग्यवतीने ते मोठ्याने वाचून दाखवावे, एवढी विनंती.

हा विद्यार्थी शाळेत असताना गणितात कच्चा होता. आज तो रस्त्यांची कंत्राटे घेतो आणि त्याचे बरे चालले आहे. मनाने चांगला आहे. दर पाडव्याला न चुकता पाया पडायला येतो. गेल्या पाडव्याला आला तेव्हा मी एक अर्ज लिहीत बसलो होतो. आमच्या गावाला धावपट्टी आहे. तिच्यावर काही काळ मुंबईचे विमान येत असे. पुढे ते आधी लंगडले आणि मग बंद पडले. ते पुन्हा सुरू करावे म्हणून मी अधूनमधून अर्ज करतो. अर्जावर नजर टाकून तो हसला आणि म्हणाला,

"गुरुजी, कशाला त्या कंपनीच्या विमानाच्या नादी लागता? ते म्हणजे आता एस.टी. झालंय. आम्ही पाच जण मिळून भाड्यानं विमान बोलावतो. सकाळी मुंबई, रात्री जेवायला घरी. धावपट्टी आपल्या दारात आहे. ज्याला परवडतं त्यानं आपापलं जावं, बाकीच्यांनी रेल्वेनं जावं. भांडण कशाचं?"

वाचकहो, भांडण नेमके याच वाक्याशी आहे. जवळच्या प्रवासाला ठरल्या वेळी सुटणारे, तिकीट काढून कुणालाही बसता येणारे विमान हवे की ज्याचे त्याने बोलावलेले खासगी विमान हवे, असा हा प्रश्न आहे. मी मास्तर माणूस. माझ्या खिशाचा या प्रश्नाशी संबंध नाही असे पुष्कळांना वाटेल. तो संबंध आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीच्या जिवाशी आहे. पण ते पुढे सांगतो. आधी त्याच्या बाजूचे जे खरे आहे ते त्याला देऊन टाकतो. कारण वादात प्रतिपक्षाचे देणे ठेवू नये.

खासगी विमानाने वेळ वाचतो, हे खरे. तास-दीड तास आधी जाऊन रांगेत उभे राहावे लागत नाही. सभा लांबली तर विमान थांबते. जिथे कंपनीचे विमान कधीच जाणार नाही अशा लहान पट्टीवरही ते उतरते. अत्यवस्थ रोग्याला न्यावयाचे असेल किंवा कुणाच्या शरीरात बसवायचे यकृत पोहोचवायचे असेल, तर अशा विमानासारखे दुसरे साधन नाही. तिथे वाद घालणारा माणूस दगडाच्या काळजाचा म्हटला पाहिजे. उडण्याचा छंद हीही वाईट गोष्ट नव्हे. आमच्या राज्यातली धुळे-बारामतीची पोरे आकाशात विमाने गिरवताना रोज पाहतात, कारण तिथे वैमानिक घडवण्याचे वर्ग चालतात. त्या वर्गांना माझा आशीर्वादच आहे.

हेही कबूल करतो की दोन-अडीचशे किलोमीटरसाठी दोन्ही विमाने व्यर्थ आहेत. मुंबई-पुण्याला विमानाने जाणारा माणूस विमानतळावर पोहोचेपर्यंत रेल्वेने जाणारा चहा पिऊन मोकळा होतो. माझा वाद त्यापुढच्या अंतरांचा आहे. जिथे रात्रभराचा प्रवास विमानाने तासाभरावर येतो, तिथला.

आता हिशेब. माझ्या विद्यार्थ्याचे गणित मी त्या वेळी कच्चे सोडले, ते आज पुरे करतो. भाड्याचे विमान आमच्या गावात उभे नसते. ते मुंबईला किंवा पुण्याला असते. पाच जणांना न्यायला ते सकाळी रिकामे येते. त्यांना मुंबईला पोचवते. संध्याकाळी त्यांना घेऊन येते आणि पुन्हा रिकामे परत जाते. म्हणजे माणसे दोन तास उडाली, विमान चार तास उडाले. आणि पैसे चार तासांचे. अशा विमानाचे भाडे तासाला लाखाच्या आत नाही. वर कर आहे, उतरण्याचे शुल्क आहे, थांबण्याचे आहे. ते सारे सोडून दिले तरी चार लाख झाले. माणशी ऐंशी हजार. उलट २०१६ साली सरकारने जी 'उडान' योजना जाहीर केली, तिच्यात तासाभराच्या उड्डाणातल्या सुमारे निम्म्या जागांना अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली होती. जाऊन-येऊन पाच हजार. ऐंशी भागिले पाच म्हणजे सोळा. ज्या पैशात माझा एक विद्यार्थी मुंबईला जाऊन येतो त्या पैशात सोळा माणसे जाऊन येतात. हे गणित चौथीच्या पोरालाही यावे.

"पण पैसा माझा आहे, गुरुजी!" असे तो म्हणेल. आहेच. लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरमधून उतरवतात, त्यांचाही पैसा त्यांचाच असतो. घोड्यावरून येणारा नवरा निदान वरातीबरोबर तरी चालत असे. हा नवरा वरून येतो आणि वऱ्हाडाच्या डोळ्यांत धूळ घालतो. असो. पैशाची गोष्ट मी सोडून देतो. जिवाची सांगतो.

दोन तऱ्हेच्या विमानांतला खरा फरक मागच्या आसनावर बसलेल्या माणसात आहे. कंपनीच्या विमानात मी मागे बसलो असलो तर पुढच्या वैमानिकाला माझे नाव माहीत नसते. हवा वाईट असली आणि त्याने "आज जाता येत नाही" म्हटले, तर मी चडफडतो आणि घरी जातो. माझ्या चडफडण्याने त्याची नोकरी जात नाही. खासगी विमानात मागे बसलेला माणूस विमानाचा धनी असतो किंवा त्या दिवसापुरता धनी झालेला असतो. खाली सभा जमलेली असते, मुहूर्त टळत असतो. "काय कॅप्टन, निघू या ना?" एवढेच तो म्हणतो. त्यात धमकी नसते. पण ऐकणाऱ्याला ती ऐकू येते. लहान पट्ट्यांवर बहुधा यंत्रांच्या आधाराने उतरण्याची सोय नसते. डोळ्यांनी पाहून उतरायचे, आणि त्यासाठी पाच किलोमीटरपर्यंत नीट दिसले पाहिजे असा नियम आहे. धुके आणि पाऊस यांनी तो नियम वाचलेला नसतो. अशा वेळी "नाही" म्हणण्याची ताकद वैमानिकात असावी लागते, आणि ती नुसत्या उड्डाणाच्या तासांनी येत नाही.

३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे सभेसाठी कानपूरला निघाले होते. त्यांचे लहान विमान मैनपुरीजवळ कोसळले. हेच गृहस्थ पूर्वी देशाचे विमान वाहतूक मंत्री होते. ३ मार्च २००२ ला लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी कैकलूरजवळ हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर खराब हवेत नल्लमलाच्या जंगलात पडले. २५ मे २०१७ ला आपल्याच लातूर जिल्ह्यात, निलंग्याला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच कोसळले. दैव बलवत्तर म्हणून सारे वाचले. यादी आणखी वाढवता येते. पण हा सणाचा अंक आहे, नको. प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते आणि गेलेल्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कंपनीची विमाने पडतच नाहीत असेही मी म्हणत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एका उड्डाणात विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसे गेली, ते दुःख ताजे आहे. पण असे विमान पडले म्हणजे सारे जग कारण विचारते, नियम बदलतात, पुढच्या प्रवाशाचा जीव थोडा अधिक सुरक्षित होतो. लहान विमान पडले की आपण श्रद्धांजली वाहतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरे लहान विमान मागवतो.

आता बहिणीची गोष्ट सांगतो.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मला तिनेच वाढवले. तीन-चार वर्षांपूर्वी तिला पोटाचा कर्करोग निघाला. उपचार मुंबईला, दर तीन आठवड्यांनी एकदा सुई. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर रुग्णालयात काढायचा आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने यायचे. परतीच्या प्रवासात तिला ओकाऱ्या होत. डब्यातल्या लोकांना त्रास होतो म्हणून ती दाराशी जाऊन उभी राही. त्याच सुमारास आमच्या गावाला विमान आले. पहिल्यांदा तिला घेऊन बसलो तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता, आणि विमान ढगांवर गेल्यावर म्हणाली, "अरे, इथं तर काहीच हलत नाही." त्या दिवशी ती रात्री घरी आली आणि तिने स्वतःच्या हाताने चहा केला. मला त्या चहाची चव अजून आठवते.

असे तीनदा झाले. चौथ्या वेळी आदल्या संध्याकाळी माझ्या फोनवर दोन ओळींचा संदेश आला : काही कारणास्तव उद्याचे उड्डाण रद्द. कारण सांगितले नव्हते. रेल्वेच्या जागा केव्हाच संपल्या होत्या. रात्री साडेनऊला खासगी बस पकडली. आक्का चौदा तास बसून गेली. पोहोचायला उशीर झाला आणि सुई दुसऱ्या दिवसावर गेली.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. आमच्या शाळेत निरोप आला की एक मोठे पाहुणे येत आहेत, मैदान मोकळे करा. खो-खोचे खांब उपटले. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारले. उन्हाळ्यात, ज्या गावाला पाच दिवसांआड नळ येतो त्या गावात. मग मैदानाच्या मधोमध फक्कीने मोठे वर्तुळ काढून त्यात इंग्रजी 'एच' काढायचा होता. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असल्याने तो मी काढला. माझ्या हातचा तो 'एच' फार सुबक आला होता, हे मी लपवीत नाही. हेलिकॉप्टर ठरल्या वेळी आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वर पाहिले, कारण वर पाहिल्याशिवाय राहवत नाही. पाहुणे उतरले, बोलले, आणि जाताना म्हणाले की या भागाला विमानसेवा मिळालीच पाहिजे. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आलो. माझ्या शर्टाला फक्की लागलेली होती. आक्का अंथरुणावर पडून होती. आमच्याकडची जुनी माणसे विमानाला 'इमान' म्हणतात. ती म्हणाली, "त्यांचं इमान आलं म्हणे. आपलंच येत नाही व्हय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आता देतो. आक्का, त्यांचे येते म्हणूनच आपले येत नाही.

हे कोडे नव्हे. मी ते शाळेत रोज पाहतो. सरकारी शाळेचे छप्पर गळते, कारण ज्याच्या सहीने ते दुरुस्त होईल त्याचे मूल त्या छपराखाली बसत नाही. पूर्वी मामलेदाराचे पोर आणि कोतवालाचे पोर एका बाकावर बसत. छप्पर गळले तर मामलेदारीणबाईच कचेरीत निरोप धाडीत. मामलेदाराचे पोर दुसरीकडे गेले आणि छपराचा वाली गेला. विमानाचे तेच आहे. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी शंभर माणसे असतात. पुढारी, कारखानदार, मोठे डॉक्टर, कंत्राटदार. ही शंभर माणसे ठरल्या वेळेच्या विमानावर अवलंबून असती तर ते एक दिवस रद्द झाले की दुसऱ्या दिवशी दिल्लीला फोन गेले असते. पण त्यांनी आपली वाट वेगळी काढली. मागे राहिले कोण? एक मास्तर, त्याची आजारी बहीण आणि एक अर्ज. माझ्या विद्यार्थ्याने स्वतःचे विमान बोलावले तेव्हा त्याने पाच जागा भरल्या एवढेच झाले नाही. आमच्या बाजूचे पाच आवाज काढून नेले.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'उडान'चे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीला उडाले. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून त्या पैशातून लहान मार्गांची तूट तीन वर्षे भरून द्यायची, अशी योजना होती. कल्पना उत्तम. फळ काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आकडे आहेत. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले; त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली. आणि तूट मिळणे संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग अवघे ५४. शंभरातले सात! माझ्या वर्गाचा असा निकाल लागला असता तर मला घरी बसवले असते.

कंपन्यांनाही मी सोडत नाही. गावाला विमान देऊ म्हणून पैसे घ्यायचे आणि एका विमानात बिघाड झाला की पहिली कात्री लहान गावाच्या फेरीला लावायची, ही त्यांची रीत आहे. आज आहे, उद्या नाही, परवा कुणास ठाऊक, असे विमान असले तर माणसे त्यावर विसंबत नाहीत. विसंबत नाहीत म्हणून जागा रिकाम्या राहतात. आणि मग कंपनी म्हणते, तुमच्या गावाला प्रवासीच नाहीत. आधी दुकान बंद ठेवायचे आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडायचे!

या देशात नियमित विमान सुरू कसे झाले ते एकदा आठवावे. जे. आर. डी. टाटा हे हौशी वैमानिक. १९२९ साली त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हा आपल्याकडचा पहिला क्रमांकाचा. घरचे श्रीमंत. मनात आणते तर जन्मभर स्वतःचे विमान उडवीत फिरते. पण १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून एका लहानशा पुसमॉथ विमानात निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर टपालाच्या थैल्या होत्या. दुसऱ्यांची पत्रे! आणि ती पुढच्या आठवड्यातही त्याच दिवशी यायची होती. एका खासगी वैमानिकाने त्या दिवशी आपला छंद वेळापत्रकाला बांधून घेतला, आणि त्यातून या देशाची विमान वाहतूक उभी राहिली. कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, विमानतळ झाला. राजाला स्वतःपुरती पट्टी पुरली असती.

परदेशचे एकच उदाहरण देतो, कारण ते मास्तरांचे आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये अंतर पावणेतीन किलोमीटरांहूनही कमी. १९६७ पासून तिथे ठरल्या वेळेचे विमान जाते. आठ-नऊ माणसांचे, आणि पोहोचायला दोन मिनिटे लागतात. जगातले सगळ्यांत आखूड नियमित उड्डाण ते हेच. त्यातून कोण जाते? शिक्षक जातात, रोगी जातात. पापा वेस्ट्रेवर माणसांची वस्ती शंभराच्या आसपास. तिथल्या लोकांना कुणी "आपापले विमान बोलवा" म्हणाले नाही. तूट येते ती सरकार भरते, जशी आपण रस्त्याची आणि पुलाची भरतो. पुलाने नफा कमवावा असे कुणी म्हणत नाही.

तेव्हा माझे मागणे लहान आहे. लहान गावाच्या विमानाला मदत द्यायची तर ती तीन वर्षांनी तोडू नका. पण ती उडालेल्या आणि वेळेवर उडालेल्या फेऱ्यांवरच द्या. सत्तर जागांचे विमान भरत नसेल तर एकोणीस जागांचे पाठवा, पण रोज पाठवा. फेरी रद्द झाली तर कारण सांगा आणि प्रवाशाला त्याच दिवशी दुसऱ्या वाहनाने पोहोचवा. आणि ज्या गावाला ठरल्या वेळेचे विमान आहे, त्या गावाला सरकारी पैशाने खासगी विमानातून कुणी जाऊ नये. मग तो कितीही मोठा असो. आपत्ती आणि आजार यांना यातून सूट. एवढा एकच नियम करा, बाकीचे नियम मंत्रीमहोदय स्वतःच करतील. आक्काच्या शेजारच्या आसनावर बसून एकदा त्यांना तो दोन ओळींचा संदेश आला, की मला अर्ज लिहावा लागणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याला शेवटचे सांगतो. बाळ, तुझा पैसा तुझा, तुझी घाईही तुझी. पण तू त्या दिवशी "विमान एस.टी. झालंय" असे म्हणालास, ते तू शिवी म्हणून म्हणालास. मला तो आशीर्वाद वाटला. तू शाळेत होतास तेव्हा तुझ्या वाडीहून रोज सकाळी साडेसहाच्या एस.टी.ने येत होतास. ती पावसात आली, चिखलात आली, कधी तुम्ही तीनच पोरे असताना आली. ती आली म्हणून तू शिकलास. तुझ्या बापाला परवडले असते त्या वाहनाने यायचे ठरले असते, तर तू आज कुठे असतास, याचा हिशेब तूच कर. गणित तुझे कच्चे आहे. तरी एवढे येईल.

आक्का आता बरी आहे. उरलेल्या साऱ्या सुया तिने बसच्या आणि रेल्वेच्या रात्रींवर घेतल्या. आता सहा महिन्यांनी एकदा तपासायला जावे लागते. यंदाही तिने करंज्या केल्या आहेत. थोड्या, पण स्वतःच्या हाताने. त्यांतल्या तुझ्या वाटणीच्या तिने काढून ठेवल्या आहेत. पाडव्याला ये. येताना माझ्या अर्जावर सही करायला पेन आण, आणि त्या चौघांनाही बरोबर घेऊन ये.